नेपल्सला जहाज फक्त एक दिवस: पॉम्पेई, काप्री की गावातच फिरायचं? (सोबत सासूबाई आहेत)

भटकभवानी
नमस्कार मंडळी,
जूनमधे बार्सिलोनाहून निघणारी भूमध्य समुद्रातली क्रूझ बुक केलीये. आम्ही पाच जण, मी, नवरा, मुलगा (वय १३), सासरे आणि सासूबाई. बाकीच्या पोर्टचं बऱ्यापैकी ठरलंय पण इटलीतल्या नेपल्सपाशी घोडं अडलंय. जहाज सकाळी ७ ला लागतं आणि संध्याकाळी ६ ला सुटतं, परत चढायची शेवटची वेळ साडेपाच. वार मंगळवार.

मुलाला पॉम्पेईशिवाय (ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर) दुसरं काही सुचत नाहीये, त्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचे व्हिडिओ बघून बघून त्याला सगळं पाठ झालंय. नवऱ्याला काप्री बेट बघायचंय, म्हणतो दगडं काय कुठेही बघता येतात. सासरे ठणठणीत आहेत, कुठेही चला म्हणतात. प्रश्न सासूबाईंचा आहे, गुडघे दुखतात, सपाट रस्ता असेल तर अर्धा तास चालतात मग बसावं लागतं, पायऱ्या आणि चढ नकोच. "तुम्ही सगळे जा, मी जहाजावर बसते" असं त्यांनी आत्तापासूनच सुरू केलंय आणि मला नेमकं तेच नकोय, इतक्या लांब नेऊन त्यांना डेकवर बसवून ठेवायचं हे काही पटत नाही.

जहाजाच्या टूरमधे पॉम्पेई, सोरेंटो (जवळचं समुद्रकाठचं गाव) आणि जेवण असं एका दिवसात आहे, पाच जणांचे पैसे बघून छातीत धस्स होतं. स्वतःचं स्वतः केलं तर जमेल का? आणि काप्री खरंच होण्यासारखं आहे का? कुणी केलंय त्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

दर्यावर्दी
ताई, पहिली गोष्ट म्हणजे सात ते सहा म्हणजे आपल्या हातात अकरा तास असं धरूच नका. जहाज धक्क्याला लागलं की आधी तिथल्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळते, मग जहाजाच्या टूरवाल्यांचे ग्रुप सोडतात, मग बाकीचे, म्हणजे तुमचे पाय जमिनीला लागेपर्यंत आठ वाजलेच म्हणून समजा. परतीला साडेपाच ही शेवटची वेळ आहे, तुम्ही चार वाजता बंदराच्या आसपास असायला हवं. राहिले आठ तास. त्यातून जाण्यायेण्याचा वेळ वजा करा आणि जे उरेल त्यात काय बघता येतं ते बघा, उलटीकडून हिशेब केला की अर्धे पर्याय आपोआप गळतात.

नेपल्सची एक चांगली गोष्ट म्हणजे जहाज थेट धक्क्याला लागतं, छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जायची भानगड नाही (तुमच्या बाकीच्या पोर्टना ते बघून ठेवा, छोट्या बोटींनी उतरायचं असेल तर येताजाता रांगेत बराच वेळ जातो आणि गुडघेदुखीवाल्यांना बोटीत पाय टाकणं अवघड जातं). टर्मिनलमधून बाहेर आलं की समोरच कास्तेल नुओवो हा किल्ला दिसतो, म्हणजे तुम्ही गावाच्या मध्यातच उतरता.

काप्रीबद्दल माझं स्पष्ट मत, या दिवशी नको. वेगवान बोटी बाजूच्याच मोलो बेव्हेरेल्लो धक्क्यावरून सुटतात, साधारण ५० मिनिटांत पोचवतात, तिथपर्यंत छान आहे. पण जूनमधे बेटावर इतकी माणसं उतरतात की वर गावात नेणाऱ्या केबल रेल्वेच्या रांगेतच वेळ जातो, आणि समुद्र जरा खवळला की ब्लू ग्रोटो ही निळी गुहा बंद, तिचं तोंड इतकं बुटकं आहे की होडीत आडवं पडून आत जावं लागतं, लाट असेल तर नेतच नाहीत. सासूबाईंना तर ते जमणारच नाही. आणि सगळ्यात मोठा मुद्दा परतीचा. वारा वाढला आणि बोटी रद्द झाल्या तर तुम्ही बेटावर आणि जहाज नेपल्सला! जमिनीवर ट्रेन बंद पडली तर टॅक्सी आहे, समुद्रावर दुसरा रस्ता नाही. नवरोबांना सांगा काप्रीसाठी वेगळी ट्रिप करा, दोन रात्री राहा, संध्याकाळी दिवसभराचे टुरिस्ट परत गेले की ते बेट खरं बघण्यासारखं होतं.

खापराचा_तुकडा
पॉम्पेई स्वतःचं स्वतः अगदी आरामात होतं, त्यासाठी जहाजाची टूर लागत नाही.

बंदराबाहेरच म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशन आहे, तिथून लाइन १ ने गारिबाल्दी. तिथे खालच्या मजल्यावर चिर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल मिळते, सोरेंटोकडे जाणारी पकडायची आणि 'पॉम्पेई स्कावी, व्हिला देई मिस्तेरी' या स्टेशनला उतरायचं, ३५-४० मिनिटं. नाव नीट वाचा कारण नुसतं पॉम्पेई नावाची वेगळी स्टेशनंही आहेत. उतरलं की पोर्ता मारिना हा दरवाजा दोन मिनिटांवर. गाडी साधी लोकल आहे, गर्दी असते, उन्हाळ्यात आत उकडतं, बॅग पुढे घ्यायची आणि मोबाइल मागच्या खिशात ठेवायचा नाही. गाडी गारिबाल्दीच्या आधीच्या पोर्ता नोलाना स्टेशनवरून सुटते, तिथे जाऊन बसलात तर जागा मिळते. सीझनमधे कांपानिया एक्स्प्रेस म्हणूनही एक गाडी असते, तिकीट महाग पण थांबे कमी आणि गर्दीही कमी.

तिकीट आधी ऑनलाइन काढा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून तिथे दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच, आत सावली जवळजवळ नाही, मात्र पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत तिथे बाटली भरून घ्या.

तुमच्या मुलाला एक सांगा, नुसते साच्यातले देह बघायला पळू नको (माणसांच्या देहांमुळे राखेत राहिलेल्या पोकळ्यांमधे १८६३ मधे फियोरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने प्लास्टर ओतून केलेले ते), रस्ते बघ. रस्त्याच्या मधोमध उंच दगड ठेवलेत, रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहायची म्हणून लोकांनी त्यावरून ओलांडायचं, आणि दोन दगडांमधून गाडीची चाकं जायची, त्या चाकांनी फरशीत पडलेल्या खाचा अजून तशाच आहेत, हात घालून बघता येतात. आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याची टाकी आहे, तिच्या दगडी काठावर एका जागी खळगा पडलाय, पाणी प्यायला वाकताना पिढ्यानपिढ्या माणसं तिथेच हात टेकायची. मला त्या खळग्यात हात ठेवल्यावर जे वाटलं ते मोठमोठ्या देवळांसमोर नाही वाटलं.

एकूण जागा ६६ हेक्टर, त्यातली दोन तृतीयांश उकरलेली. सगळं बघायचा हट्ट धरू नका, तीन-साडेतीन तास ठेवा. फोरम (शहराचा मुख्य चौक), स्नानगृहं, एखादं मोठं घर, एक बेकरी (जाती आणि भट्टी अजून उभी आहेत) आणि थिएटर. दरवाज्यापाशी बिल्लावाले अधिकृत गाइड असतात, चार-पाच कुटुंबं मिळून एक करा, गाइडशिवाय अर्धं कळत नाही.

सागरिका
खापराचा_तुकडा यांना +१, पण सासूबाईंचं काय? ते दगडी रस्ते गुडघ्यांना फार त्रास देतात, फरशा गोल गोल आणि उंचसखल. पियाझा अंफितेआत्रो या बाजूच्या दरवाज्यातून 'पॉम्पेई पेर तुत्ती' म्हणून साडेतीनेक किलोमीटरचा रस्ता केलाय, व्हीलचेअर आणि बाबागाडीवाल्यांसाठी, त्यावर पायऱ्या नाहीत. त्यांना यायचंच असेल तर टॅक्सीने थेट त्या दरवाज्याशी उतरवा आणि जमेल तितकंच चाला.

मी म्हणेन पॉम्पेईऐवजी हर्क्युलेनियमचा (त्याच उद्रेकात गाडलेलं दुसरं गाव) विचार करा. त्याच लोकलने एर्कोलानो स्कावी, साधारण २० मिनिटं, म्हणजे जाऊन येऊन अर्धा तास तरी वाचला. आकाराने खूप लहान, दोन-अडीच तासांत नीट बघून होतं. इथे तापलेल्या राखेचे आणि वायूंचे लोट येऊन गाव वीसेक मीटर खाली गाडलं गेलं म्हणून वरचे मजले टिकले आणि लाकूडसुद्धा कोळसा होऊन राहिलं. एका घरात लाकडी पार्टिशन अजून उभं आहे, दारांसकट. दाराच्या चौकटी, जिन्याच्या पायऱ्या, सगळं काळं लाकूड. आणि जुन्या किनाऱ्यावरच्या बोटी ठेवायच्या कमानींमधे तीनशेच्या आसपास सांगाडे सापडले, बोटींची वाट बघत थांबलेली माणसं. तेरा वर्षांच्या मुलाला आधी सांगून ठेवा.
फक्त स्टेशनपासून दरवाज्यापर्यंत सरळ उतार आहे म्हणजे येताना चढ, आणि अवशेष खाली आहेत. वरच्या रस्त्यावरून मात्र अख्खं गाव एका नजरेत दिसतं.

भटकभवानी
बापरे किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! काप्री कटाप, नवऱ्याला दर्यावर्दी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, वारा आणि बोटींचं ऐकून गप्प बसला. हर्क्युलेनियमचं मुलाला विचारलं तर तो पॉम्पेईवरच ठाम आहे. मग असं करू का, नवरा आणि मुलगा पॉम्पेईला, आणि मी सासूसासऱ्यांना घेऊन नेपल्समधेच? तिथलं पुरातत्त्व म्युझियम म्हणे फार भारी आहे, तिथे जावं का?

नाना_मुसाफिर
सूनबाई, विचार चांगला आहे. पॉम्पेईतली उत्तम मोझेक आणि भित्तिचित्रं त्या पुरातत्त्व संग्रहालयातच आहेत, बंदराजवळच्या मेट्रोने तिसरं स्टेशन. पण तुमचा वार मंगळवार आहे आणि ते मंगळवारी बंद असतं! सान्सेव्हेरो चॅपेलही मंगळवारी बंद, तिथे सानमार्तिनो या शिल्पकाराने घडवलेला १७५३ सालचा संगमरवरी ख्रिस्त आहे, अंगावरची झिरझिरीत चादरसुद्धा दगडाचीच. तो राहील.

आम्ही दोघं सत्तरीतले आहोत म्हणून सासूबाईंच्या बाजूने सांगतो. आम्हाला खूप ठिकाणं नको असतात, बसायला जागा, जवळ बाथरूम आणि घाई नाही एवढं असलं की दिवस सोन्याचा. "मी जहाजावर बसते" असं आम्ही म्हणतो कारण आपल्यामुळे पोरांचा दिवस वाया जाईल ही भीती असते, बसायची हौस नसते कुणाला. त्यांना "येता का" असं विचारू नका, "आपण तिघं अमुक ठिकाणी जातोय" असं सांगा.

बंदरापासून टॅक्सीने पाच मिनिटांवर गॅलेरिया उंबेर्तो आहे, वर काचेचा घुमट, खाली संगमरवरी फरशी, अगदी सपाट, आत कॉफीची टेबलं. तिच्या समोरच्या बाजूला फ्युनिकोलारे चेंत्राले, म्हणजे डोंगरावर चढणारी रेल्वे, तिने व्होमेरो या डोंगरावरच्या वस्तीत वर जायचं. मग वरून टॅक्सी करून सान मार्तिनोच्या मठासमोरच्या चौकात उतरा, तिथून अख्खं नेपल्स, आखात आणि समोर व्हेसुव्हियस. मुलगा त्याच वेळी त्या डोंगराच्या पायथ्याशी असेल, सासूबाईंना तेवढं सांगा. दुपारी खाली येऊन सांता क्यारा मठाचं अंगण, खांबांवर आणि बाकांवर निळ्यापिवळ्या रंगीत टाइल्स, झाडांची सावली आणि शांतता. तिथून जुन्या गल्लीत पिझ्झा, मार्गेरिता मागवा, दुसरं काही नको. तीन वाजता परत जहाजावर.

अंतरा_के
थोडं वेगळं मत मांडते. जे पॉम्पेईला जाणार आहेत त्यांनी जहाजाची टूर घ्यायला हरकत नाही, पण सोरेंटो-जेवणवाली नाही, नुसती पॉम्पेईची अर्ध्या दिवसाची असेल तर बघा, बहुतेक क्रूझवर असते. जहाजाच्या टूरची बस अडकली तर जहाज थांबतं, स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही, पुढच्या पोर्टला आपल्या खर्चाने गाठावं लागतं. आणि इटलीत ट्रेनचे संप होतात. ते आधी जाहीर होतात, तिथल्या वाहतूक मंत्रालयाच्या वेबसाइटवर यादी असते, निघायच्या आठवड्यात बघा. संप असेल तर टूर, नसेल तर ट्रेन.
अजून एक, उतरताना प्रत्येकाकडे जहाजाचं कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि रोज केबिनमधे येतं त्या कागदाचा फोटो हवा. त्यावर पोर्ट एजंटचा फोन नंबर आणि परतायची वेळ असते. दोन गट होणार म्हणजे एकाच माणसाकडे सगळं ठेवू नका. आणि तुमची क्रूझ मधेच शेंगेनबाहेरच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरच्या) देशात जाणार असेल तर व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा, अर्ज करतानाच बघा.

दर्यावर्दी
अंतरा_के यांचं पटलं. ट्रेनने गेलात तर पॉम्पेईहून दीडच्या सुमारास निघाच, म्हणजे एखादी गाडी चुकली तरी हातात दुसरी आणि तिसरी असते. नाना, तुमचा व्होमेरोचा प्लॅन मीही लिहून घेतला.

भटकभवानी
नाना, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "त्या टाइल्सवाल्या ठिकाणी सावली आहे ना?" म्हणजे येतायत!! मंगळवारचं सांगितलंत म्हणून वाचलो, नाहीतर तिघं म्युझियमच्या बंद दारात उभे राहिलो असतो. नवरा-मुलगा ट्रेनने, संप असेल तर अर्ध्या दिवसाची टूर, असं पक्कं केलंय. पॉम्पेईची दोन तिकिटं आजच बघते, नाव पासपोर्टवर आहे तसंच टाकते. व्होमेरोला वर टॅक्सी रस्त्यात हात करून थांबतात की स्टँडवरूनच घ्यावी लागते?

नाना_मुसाफिर
स्टँडवरूनच घ्या. बसायच्या आधी मीटरने की ठरलेल्या दराने ते विचारून घ्या, शहरातल्या काही ठरावीक मार्गांचे दर ठरलेले असतात आणि ते निघायच्या आधीच मागावे लागतात.