सूक्ष्मजीवांच्या उत्क्रांतीवर काम आणि मराठीत लिखाण: इथे कुणी आहे का?

वाशिष्ठीकाठ:
नमस्कार. मी चिपळूणची, एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. घरच्यांचं म्हणणं, लोट्याला एखाद्या कंपनीत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासायला) लाग, रोज घरी जेवायला येशील. मला जीवाणूंच्या उत्क्रांतीवर संशोधन करायचंय आणि जमलं तर मराठीत लिहायचंय. पहिल्या लेखाची दोन पानं बाबांना वाचायला दिली. ते म्हणाले, "म्हणजे जंतूंना औषधाची सवय होते, एवढंच ना?" मी हो म्हटलं आणि रात्रभर वाटत राहिलं, काहीतरी चुकलं. या कामातलं कुणी आहे का? दिवस कसा जातो? लिहिता कसं?

खाजणातला:
उत्क्रांतीचं माहीत नाही, क्यूसीत अकरा वर्षं आहे. रोज घरी जेवायला येतो हे खरं. सेकंड शिफ्ट असली की रात्री साडेअकराला.

सड्यावरची:
मी मूळची गुहागर तालुक्यातली, सतरा वर्षं याच कामात, आता पुण्यात. तू बाबांना हो म्हणालीस तिथेच गाठ आहे, म्हणून आधी लिखाणाचं.

सवय लागायला जिवंत राहावं लागतं. ज्या जीवाणूवर औषध चालतं तो मरतो, त्याला कसली सवय? औषध यायच्या आधीच कोट्यवधींत एखाददुसरा वेगळा झालेला असतो, तो उरतो आणि त्याचीच पिलावळ वाढते. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी हे 1943 साली दाखवलं. वेगवेगळ्या नळ्यांत थोड्या थोड्या जीवाणूंपासून वाढ करून घेतली आणि मग प्रत्येक नळी जीवाणूंना मारणारे विषाणू पसरलेल्या प्लेटवर ओतली. विषाणू भेटल्यावर बदल होत असता तर सगळ्या प्लेटांवर साधारण सारखेच वाचले असते. प्रत्यक्षात कित्येक नळ्यांतला एकही वाचला नाही आणि एखादीतले ढिगाने.

गावी सांगताना मी वाड्यांचं उदाहरण देते. एका वाडीतला पहिला माणूस पणजोबांच्या काळात मुंबईला गेला, तर भाऊ, भाचे, मेहुणे करत आज अर्धी वाडी लालबागला. शेजारच्या वाडीतला पहिला गेला तो परवा, म्हणून तिथला चाकरमानी एकच. बदल नळीत लवकर झाला की ढीग, उशिरा झाला की एक-दोन.

आता दिवस. कंटाळवाणा असतो, खोटं कशाला सांगू. प्लेटा ओता, पिपेटने अंगठा दुखवून घ्या, मोजा. ऑटोक्लेव्ह (निर्जंतुक करायचा मोठा कुकर) उघडला की गुरांच्या आंबोणासारखा वास. आणि रोज तेच. रिचर्ड लेन्स्की या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत 24 फेब्रुवारी 1988 ला ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचे बारा फ्लास्क लावले. रोज 0.1 मिली जुन्यातलं घ्यायचं, 9.9 मिली ताज्यात घालायचं. शंभरपट पातळ, म्हणजे पुन्हा तेवढेच व्हायला दुप्पट-दुप्पट होत दिवसाला साडेसहाच्या वर पिढ्या. वाचल्यावर मला आईच आठवली. लिटरभर दुधाला दोन चमचे विरजण: प्रमाण तेच! तिच्या लग्नाला 41 वर्षं झाली. रोज लावलं असं धरून हिशेब केला तर पिढ्या लाखाच्या घरात जातात. हिशेब ढोबळ आहे, आई पाहुणे आले की चार चमचे घालते.

लेन्स्कींकडे आणि आईकडे फरक फ्रीझरचा. तिकडे दर 500 पिढ्यांना नमुना गोठवून ठेवतात. 2003 मध्ये त्यांचा एक फ्लास्क अचानक गढूळ दिसला. पहिला संशय भेसळीचाच. ई. कोलाय ऑक्सिजन असताना फ्लास्कमधल्या द्रवातलं सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचं रूप) खात नाही, ही त्याची ओळखच; पण हे तेच खायला शिकले होते. (मीही 'शिकले' लिहिलं, बघ. सतरा वर्षांनी.) मग जुने नमुने वितळवून पुन्हा वाढवले, तेव्हा साधारण 20,000 पिढ्यांच्या पुढच्या नमुन्यांतूनच तो गुण पुन्हा उमटला.

माझा फ्रीझर मात्र गणपतीत गेला. तेव्हा ज्या प्रयोगशाळेत होते तिथे सगळेच कोकणातले, सगळे पाच दिवस गावी. परत आले तर फ्रीझरखाली पाणी आणि वर अलार्म वाजून वाजून गप्प झालेला. चौदा महिन्यांचे नमुने. त्या दिवशी मला लोट्याची क्यूसी फार गोड वाटली होती.

फळा-खडू:
बाई, उदाहरण आवडलं, पण एक कुसळ काढतो. चाकरमानी पोटासाठी, ठरवून गेला. 'सवय' काढलीत आणि 'ठरवून' आणलंत. शिवाय 'उत्क्रांती'तच 'उत्' आहे. पोरं वर चढत गेलेली माकडंच डोळ्यासमोर आणतात.

सड्यावरची:
मास्तर, खरंय. वाडीचं उदाहरण आकड्यांपुरतंच ठेवते, कारणापर्यंत नेत नाही. 'उत्'चं म्हणाल तर वर्गात दही न्या. दह्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जीवाणूचा सगळा जीनोम (सगळी जनुकं) 2004 मध्ये वाचला गेला. त्याच्या दर दहा जनुकांतलं एक मोडलेलं निघालं, आणि दुधातली सोडून इतर साखरा वापरायची बरीचशी त्यांतच. दुधात बसून त्यांचा उपयोग काय? बंद घराची कौलं कुणी परतली नाहीत की चार पावसाळ्यांत वासे कुजतात, तसं. घर कुणी पाडलेलं नसतं. यात वर चढणं कुठे आहे ते पोरांनाच विचारा. तरी शब्द बदलायच्या भानगडीत मी पडत नाही, तो रुळलाय. क्रियापदं तेवढी तपासते: मिळवलं, ठरवलं, शिकले दिसलं की खोडायचं, उरले, टिकले, पसरले लिहायचं. वाक्य थोडं रुक्ष होतं. होऊ दे.

वाशिष्ठीकाठ:
ताई, बाबांना पुन्हा सांगितलं. वाड्यांचं लगेच पटलं, आमचे सगळे चुलते डोंबिवलीला. आजीला विरजणाचं विचारलं तर म्हणाली, मधे तीनदा बिघडलं, तेव्हा शेजारच्या काकूंकडून आणलं. काकूंनी मुळात आमच्याकडूनच नेलं होतं! मला ते गोठवून ठेवायचंय, पण इथे पावसात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही.

सड्यावरची:
मग काकूच तुमचा फ्रीझर. त्यांच्याकडचंही एका वाटीत लावून दोन्ही दही शेजारी ठेवून चाखून बघ, वेगळं लागतं का ते. मीसुद्धा आता नमुन्यांचा दुसरा खोका पलीकडच्या इमारतीत ठेवते. पीएचडीसाठी पुण्याचं आयसर आणि बंगळूरचं एनसीबीएस या संशोधन संस्था बघ. ती दोन पानं इथे टाक, क्रियापदं मी खोडते.