लेडी म्हणजे कणीक मळणारी? खरं की थाप?

पोळीवाली_कोथरूड
डहाणूकर कॉलनीत गेली 18 वर्षं माझं पोळीभाजी केंद्र आहे. रोज बारा किलो कणीक लागते. यंत्र आहे, पण घडीच्या पोळीची कणीक मी अजून हातानंच तिंबते. काल भाचा ओट्याला टेकून म्हणाला, "मावशी, तूच खरी लेडी. लेडी म्हणजे मुळात पीठ मळणारी बाई." म्हटलं, आधी हात धू, दोन पोळ्या लाट, मग मला इंग्रजी शिकव. पण ते डोक्यातून जाईना. संध्याकाळी बसमध्ये कुणीतरी "लेडीज सीट आहे, उठा" म्हणालं आणि मला एकटीलाच हसू फुटलं.
तो म्हणतो, लॉर्डसुद्धा पावातूनच निघाला. हे खरं आहे की व्हॉट्सॲपवरचं? धातू वगैरे लिहिलेत तरी चालेल, अकरावीपर्यंत संस्कृत होतं मला.

जुनी_वही
ताई, भाचा बरोबर आहे. आजचा 'लोफ' जुन्या इंग्रजीत 'ह्लाफ' होता, आणि त्याचा अर्थ नुसताच पाव, भाकरी. 'ह्लाफ-वेअर्ड' म्हणजे भाकरी राखणारा. त्याचं झिजून ह्लाफोर्ड, मग लॉर्ड. 'ह्लॅफ-दीये' म्हणजे भाकरीची कणीक मळणारी, ती लेडी. आणि त्यांच्या घरी जेवणारा नोकर तो 'ह्लाफ-ॲता', भाकरी खाणारा. केंटचा राजा एथेलबर्ट याचा सातव्या शतकाच्या सुरुवातीचा कायदा आहे, त्यात हा शब्द येतो: साध्या शेतकऱ्याचा असा गडी कुणी मारला, तर दंड 6 शिलिंग.
म्हणजे एका घरातली तिन्ही माणसं भाकरीवरून ओळखली जायची.
लेडीतला मळणारीचा तुकडा आणखी एका ठिकाणी लपलाय. 'दॅये' म्हणजे मळणारी मोलकरीण. पुढे तिच्याकडे दूधदुभतंही आलं आणि तिच्या कामाची जागा झाली 'डेअरी'. चितळ्यांकडे दुधाच्या रांगेत उभ्या राहाल तेव्हा आठवा.

पेठकर_मूळचे
गोष्ट गोड आहे, पण इतकं हरखून जाऊ नका. हजार वर्षांपूर्वीसुद्धा ह्लाफोर्ड म्हणताना कुणाला भाकरी आठवत नसणार. तेव्हाच त्याचा अर्थ 'मालक' एवढाच उरला होता. आपण तरी 'पोशिंदा' म्हणताना काय पोसलं ते मोजतो का?
आणि यात इंग्रजांचं कौतुक कशाला? आपल्याकडे 'भृ' धातू आहे, भरणपोषण करणे. पोसतो तो भर्ता, जिला पोसायचं ती भार्या, ज्याला पोसायचं तो भृत्य. धनी, धनीण, गडी, तिघंही एकाच धातूतले.
जाता जाता: 1 ऑगस्टला तिकडे 'लॅमस' नावाचा सण असे. तोही 'ह्लाफ'मधलाच. नव्या गव्हाचा पहिला पाव चर्चमध्ये नेत, म्हणजे आपली नवान्न पौर्णिमाच म्हणा. आपल्याला तो दिवस टिळक पुण्यतिथीमुळे माहीत.

पोळीवाली_कोथरूड
पेठकर, तुमच्याच धातूनं तुमची पंचाईत केली बघा. तिकडची लेडी निदान मळते. आपली भार्या म्हणे पोसली जाणारी! मग पहाटे साडेचारला परातीपाशी कोण असतं? भर्ता तर तेव्हा घोरत असतो. (आमचे हे वाचत नाहीत इथे, म्हणून लिहिते.) शब्द पाडणाऱ्यांनी स्वयंपाकघरात एकदा डोकावायला हवं होतं.

जुनी_वही
यावर पेठकर गप्प बसतील असं वाटत नाही, तोवर मी एक सांगून घेतो. मळण्याचा तो तुकडा, इंग्रजी 'डो' म्हणजे कणकेचा गोळा, आणि आपला 'दिह्' धातू, लिंपणे, सगळी एकाच कुळातली. त्या 'दिह्'पासून देह. जसा मातीचा लेप चढवून आकार द्यावा, तसा. आणि 'सम्' लावलं की संदेह: दोन गोष्टी एकमेकींत अशा लिंपल्या जातात की वेगळ्या कळत नाहीत.

पोळीवाली_कोथरूड
अगदी. पाणी थोडं जास्त पडलं की कणकेचं तेच होतं. हाताला काय चिकटलंय आणि परातीला काय, काही कळत नाही. मग मूठभर पीठ भुरभुरायचं आणि पुन्हा मळायचं.
भाच्याला 'देह' सांगितलं. तो म्हणाला, मग आता तू दोन्ही भाषांतून लेडी. काल त्यानं आठ पोळ्या लाटल्या. तीन विकण्याजोग्या होत्या.

पेठकर_मूळचे
भार्येबद्दल माघार. धातू मी पाडलेला नाही, एवढंच नम्रपणे नोंदवतो. बाकी तुमच्याकडे गुळाची पोळी मिळते का?

पोळीवाली_कोथरूड
फक्त संक्रांतीला. आठ दिवस आधी सांगायचं, पैसे आगाऊ.