सुट्ट्यांचा हंगाम आणि आपले पुस्तकांचे दुकान : अनुभव धागा

वर्षअखेरीच्या सुट्ट्यांचे पाच-सहा आठवडे हे स्वतंत्र पुस्तकविक्रेत्याचे सुगीचे दिवस असतात. जागेचे भाडे, पगार आणि वितरकांची बिले भागवता भागवता वर्षभर मेटाकुटीला आलेल्या दुकानाला या आठवड्यांच्या विक्रीवर पुढचे कित्येक महिने काढायचे असतात. म्हणूनच हा हंगाम एखाद्या वर्षी साथीमुळे, दारासमोरचा रस्ता खणून ठेवल्यामुळे किंवा दुकान चालवणाऱ्याच्या आजारपणामुळे हातचा गेला, तर नुकसान एका महिन्याचे न राहता वर्षाचे होते. पुस्तकांची दुकाने टिकली पाहिजेत, असे आपण सगळेच म्हणतो. परंतु ती टिकावीत म्हणून कोणी नेमके काय केले, त्यातले काय उपयोगी पडले आणि काय वाया गेले, हे फारसे कुठे लिहिले जात नाही. ज्यांनी असा हंगाम ग्राहक म्हणून किंवा दुकानाच्या आतून पाहिला आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

२०२० च्या ऑक्टोबरात आमच्या नेहमीच्या दुकानातून निरोप आला की, भेट म्हणून जी पुस्तके द्यायची असतील ती आत्ताच सांगून ठेवा, डिसेंबरची वाट पाहू नका. अमेरिकेतील स्वतंत्र पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेनेही त्या वर्षी वाचकांना असेच आवाहन केले होते, कारण छपाई आणि वाहतूक दोन्ही रखडलेली होती आणि एकदा संपलेले पुस्तक पुन्हा कधी येईल याची खात्री कोणी देत नव्हते. मी घरातल्या आणि नात्यातल्या चौदा जणांची यादी केली आणि दूरध्वनी केला. दुकानातल्या बाईंनी प्रत्येकाचे वय विचारले आणि त्यानंतर, या व्यक्तीने अलीकडे कोणते पुस्तक अर्धवट सोडले, असा प्रश्न विचारला. काय आवडते हे लोक सहज सांगतात, पण अर्धवट सोडलेल्या पुस्तकावरून वाचणाऱ्याचा खरा कल कळतो, असे त्यांचे म्हणणे होते. चौदापैकी सहा जणांबद्दल मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, म्हणून मी त्या सहा जणांना विचारले, आणि त्या निमित्ताने कित्येक महिन्यांनी त्यांच्याशी निवांत बोलणे झाले. ती यादी पूर्ण व्हायला दीड तास लागला. पुस्तके तीन हप्त्यांत आली, पैसे मात्र मी पहिल्याच दिवशी भरले होते. त्या आगाऊ रकमेतून वितरकाचे एक थकलेले बिल चुकते झाले आणि अडलेला माल सुटला, हे मला पुढे फेब्रुवारीत कळले.

* * *

मी सात वर्षे एका छोट्या पुस्तकांच्या दुकानात गल्ल्यावर काम केले आहे, त्यामुळे आतली बाजू मांडतो.

पुस्तकाच्या छापील किमतीवर दुकानाला साधारणपणे चाळीस टक्क्यांच्या आसपास सूट मिळते. प्रकाशक आणि वितरक यांच्यानुसार ती कमी-जास्त होते. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. मात्र त्यातूनच भाडे, वीज, पगार, वाहतूक, चोरीला गेलेल्या आणि खराब झालेल्या प्रती हे सगळे वजा होते आणि हाती फारच थोडे उरते. त्यामुळे ग्राहक जेव्हा दहा-पंधरा टक्के सवलत मागतो, तेव्हा तो बहुतेक वेळा नकळत आमचा संपूर्ण नफा मागत असतो. छापील किमतीला, कुरकुर न करता घेतलेले पुस्तक ही दुकानाला मिळणारी सर्वांत साधी आणि सर्वांत परिणामकारक मदत आहे, हे मी अनुभवावरून सांगतो.

दुसरी गोष्ट राखून ठेवलेल्या पुस्तकांची. आमच्याकडे गल्ल्याच्या मागे एक अरुंद फळी होती आणि तिच्यावर ग्राहकांच्या नावांच्या चिठ्ठ्या खोचलेली पुस्तके उभी असत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती फळी पूर्ण भरे. त्या काळात दुसरा कोणी तेच पुस्तक मागायला आला, तर आम्हाला नाही म्हणावे लागे, कारण ते दिलेल्या शब्दात अडकलेले असे. सुट्ट्या संपल्यावरही त्यांतली काही पुस्तके चिठ्ठीसकट तिथेच असत. ती मागवणाऱ्या माणसाला दुसरीकडून मिळालेली असत, पण एक दूरध्वनी करून तसे कळवणे त्याला सुचलेले नसे. ज्यांना मदत करायची आहे, त्यांनी राखून ठेवलेले पुस्तक वेळेवर न्यावे किंवा नको असल्यास लगेच कळवावे. याला एक पैसाही लागत नाही.

तिसरी गोष्ट भेटकुपनांची. अडचणीच्या काळात कुपन विकत घेणे चांगले, कारण पैसे लगेच हातात येतात. मात्र ते दुकानावरचे कर्ज असते, हे ध्यानात ठेवावे. गल्ला सर्वांत रिकामा असतो त्या जानेवारीत सगळी कुपने एकदम परत आली, तर पुस्तके जातात आणि पैसा येत नाही. आमचे एक ग्राहक कुपन घेऊन थेट उन्हाळ्यात वापरत. त्यांनी हे ठरवून केले होते, असे त्यांनी नंतर सांगितले.

* * *

२०२० च्या हिवाळ्यात मी शिक्षणासाठी पॅरिसमध्ये होते. ३० ऑक्टोबरला तिथे दुसरी टाळेबंदी सुरू झाली आणि पुस्तकांची दुकाने अत्यावश्यक नाहीत म्हणून बंद करण्यात आली. सुपरमार्केटमध्ये मात्र सुरुवातीला पुस्तके मिळत होती. त्यावर विक्रेत्यांनी, लेखकांनी आणि वाचकांनी इतका आवाज उठवला की तिथलीही पुस्तकांची विक्री थांबवण्यात आली. सगळ्यांसाठीच बंद, असा हा न्याय मला तेव्हा विचित्र वाटला होता. परंतु सुट्ट्यांची खरेदी मोठ्या दुकानांकडे वळली असती, तर छोट्या दुकानांकडे ती परत आली असती का, याचा विचार केल्यावर माझे मत बदलले.

त्या काळात मागणी नोंदवून दारातून पुस्तक नेण्याची मुभा होती. दुकानाचे दार अर्धे उघडे असे, मध्ये टेबल आडवे लावलेले असे आणि पलीकडून मुखपट्टी लावलेला विक्रेता कागदी पिशवी पुढे सरकवत असे. सरकारने स्वतंत्र दुकानांचा टपालखर्च काही काळ स्वतः उचलला आणि त्यामुळे दूरच्या ग्राहकांना पुस्तके पाठवणे त्यांना परवडू लागले. नोव्हेंबरच्या २८ तारखेला दुकाने उघडली आणि पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचा समावेश अत्यावश्यक सेवांमध्ये झाला. त्याच शहरातील 'शेक्सपिअर अँड कंपनी' या प्रसिद्ध दुकानानेही त्या ऑक्टोबरात, मार्चपासून विक्री ऐंशी टक्क्यांनी घसरल्याचे सांगून वाचकांना हाक दिली होती. एवढ्या नावाजलेल्या दुकानावर ही वेळ आली असेल, तर गल्लीतल्या अनाम दुकानाचे काय झाले असेल, हा विचार मनातून जात नव्हता.

फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्यानुसार नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून अधिक सवलत देता येत नाही. तिथे राहून मला याचे महत्त्व पटले. किंमत सगळीकडे जवळजवळ सारखीच असल्यामुळे ग्राहक दुकान निवडतो ते तिथल्या माणसासाठी आणि मांडणीसाठी.

* * *

मी एका शाळेचे ग्रंथालय पाहते. वाचनालयाची वार्षिक खरेदी एरवी मार्चमध्ये होते. ती एका वर्षी आम्ही नोव्हेंबरात केली आणि जवळच्या दुकानाकडून केली. सवलतीवरून व्यवस्थापनाशी बरेच बोलणे झाले, कारण मोठा पुरवठादार अधिक सूट देत होता. शेवटी निम्मी खरेदी दुकानाकडून करायची, असे ठरले. दुकानदारांनी स्वतः येऊन मुलांना पुस्तके हाताळू दिली आणि मुलांनी निवडलेलीच पुस्तके आम्ही घेतली. त्या वर्षी कपाटात न उघडलेले पुस्तक जवळजवळ राहिले नाही.

* * *

माझा अनुभव यशाचा नाही, तरीही लिहितो, कारण असे अनुभवही नोंदले गेले पाहिजेत.

आमच्या भागातले दुकान बंद पडणार असल्याचे डिसेंबरच्या सुरुवातीला कळले. आम्ही काही वाचकांनी वर्गणी काढली. दोन आठवड्यांत चांगली रक्कम जमली आणि सुट्ट्यांच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. वर्षानुवर्षे न फिरकलेले लोकही आले आणि त्यांनी आपल्या लहानपणच्या आठवणी सांगितल्या. जमलेली रक्कम थकलेल्या भाड्यात गेली. जानेवारीत दुकान पुन्हा रिकामे झाले आणि मे महिन्यात त्याला कुलूप लागले.

त्या गर्दीत मीही होतो आणि जानेवारीपासून मेपर्यंत मी तिथे दोनदाच गेलो, हेही मला येथे मान्य केले पाहिजे. त्याआधीच्या वर्षांत मी कितीतरी वेळा त्या दुकानात पुस्तक चाळले, विक्रेत्याशी त्यावर बोललो, मुखपृष्ठाचे छायाचित्र घेतले आणि घरी जाऊन तेच पुस्तक स्वस्तात मागवले. निवडीचे श्रम त्या माणसाचे आणि पैसे दुसऱ्याला, हा व्यवहार मी वर्षानुवर्षे केला आणि तेव्हा त्यात काही वावगे आहे असे मला वाटले नाही. बंद होण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक पुस्तक दिले आणि पैसे घेतले नाहीत. ते मी अजून उघडलेले नाही.

* * *

वरच्या अनुभवावर, गल्ल्यावर काम केलेला माणूस म्हणून, दोन शब्द. आपण स्वतःला इतका दोष देऊ नये. थकबाकी एका मर्यादेपलीकडे गेली की कोणतीही वर्गणी पुरत नाही. शिवाय एकदम आलेली मदतही दुकानाला झेपत नाही. न्यूयॉर्कमधील 'स्ट्रँड' या १९२७ साली स्थापन झालेल्या दुकानाने ऑक्टोबर २०२० मध्ये, उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळजवळ सत्तर टक्क्यांनी घटल्याचे सांगून ग्राहकांना आवाहन केले, तेव्हा इतक्या मागण्या आल्या की त्यांचे संकेतस्थळच कोलमडले. आमच्यासारख्या तीन माणसांच्या दुकानात अशा वेळी पुस्तके बांधायला हात कमी पडतात, चुका होतात, उशीर होतो आणि ज्याने आपुलकीने मागवले तोच नाराज होतो. दर महिन्याला एक पुस्तक घेणारी पन्नास माणसे ज्या दुकानाकडे आहेत, त्याला डिसेंबरची धास्ती कमी असते. त्या पन्नासांत आपण यापुढे कुठल्या तरी दुसऱ्या दुकानासाठी असू शकता.

* * *

मी निवृत्त लेखापाल आहे. दरमहा पुस्तके विकत घेण्याइतकी माझी ऐपत नाही, म्हणून मदत करण्याची इच्छा असूनही बराच काळ संकोच वाटत होता. एका कठीण हंगामात मी दुकानदारांना सरळ विचारले की, पैशांव्यतिरिक्त माझा काही उपयोग होईल का. त्यांनी मला मागच्या खोलीत नेले. तिथे छतापर्यंत खोकी रचलेली होती.

ती परतीची पुस्तके होती. बरीच पुस्तके दुकानाला परतीच्या बोलीवर मिळतात, म्हणजे ठरलेल्या मुदतीत न खपलेल्या प्रती परत पाठवल्या की त्यांची रक्कम पुढच्या बिलातून वळती होते. मात्र प्रत नव्यासारखी हवी आणि मुदत टळता कामा नये. माणसे कमी झाल्यापासून हे काम मागे पडले होते आणि दुकानाचा पैसा त्या खोक्यांत पडून होता. मी बिलांशी ताडून प्रकाशकनिहाय याद्या केल्या आणि ज्यांची मुदत आधी संपत होती, ती पुस्तके वर काढली. कित्येक प्रतींवर दुकानाच्या किमतीची चिकटपट्टी होती. ती नखाने ओढली की मुखपृष्ठाचा पापुद्रा निघतो आणि प्रत बाद होते. दुकानात काम करणाऱ्या मुलीने मला केस वाळवण्याचे यंत्र आणून दिले आणि दाखवले की, गरम वारा अर्धे मिनिट धरायचा, पट्टीचा कोपरा आपोआप उचलला गेला की तो पुस्तकाच्या पाठीला समांतर ओढायचा, आणि उरलेला डिंक मऊ फडक्याने गोल न फिरवता एकाच दिशेने पुसायचा. पहिल्या दिवशी मी चार प्रती खराब केल्या. तिसऱ्या दिवसापासून एकही केली नाही.

डिसेंबरभर मी रोज दुपारी तीन तास तेच काम केले. बाहेर ग्राहकांची कुजबुज आणि गल्ला उघडल्याचा आवाज ऐकू येई, आणि एखादे लहान मूल मोठ्याने पुस्तक वाचू लागले की मी यंत्र बंद करून ऐकत असे. महिन्याअखेर जी रक्कम वळती झाली, ती त्यांच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी होती. दुकानदारांनी मला मोबदला देऊ केला, तो मी घेतला नाही. त्याऐवजी मागच्या खोलीत खिडकीपाशी एक खुर्ची मागितली. आता जानेवारीतही मी जातो. या आठवड्यात दोन खोकी तपासून झाली, तिसऱ्यातील बालसाहित्याची मुदत सर्वांत जवळची आहे, म्हणून उद्या तेच घ्यायचे आहे.