शेवंतीला पानं भरपूर, कळी एकही नाही

प्रश्न (गॅलरीबाग): पुण्यात दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेची गॅलरी. 10 इंची कुंडीत शेवंती दीड फूट झाली आहे, पानं गर्द हिरवी, पण नोव्हेंबर अर्धा सरला तरी कळी दिसत नाही. ऊन 4-5 तास. दर 15 दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं खत) देतो. शेजारचा गुलाब मात्र फुलतोय. काय चुकतंय?

कुंडीवाला: गॅलरीसमोर रस्त्यावरचा दिवा आहे का? रात्री त्या उजेडात पेपरचे मथळे वाचता येत असतील तर बहुधा कारण तेच. शेवंती रात्रीची लांबी मोजते, आणि मधे उजेड पडला की तिच्या लेखी रात्र तुटते. सलग लांब रात्र मिळाल्याशिवाय ती कळी धरत नाही. गुलाबाला दिवस-रात्रीच्या लांबीशी देणंघेणं नाही, म्हणून तो फुलतोय.
संध्याकाळी 6 ते सकाळी 8 कुंडी झाका, सलग 14 तास, रोज. 3-4 आठवड्यांत बारीक कळ्या दिसतील. तेवढ्यावर थांबू नका. पाकळ्यांचा रंग दिसेपर्यंत झाकत राहा, नाहीतर कळ्या तशाच अडकतात. जातीप्रमाणे फुलायला एकूण 8 ते 11 आठवडे.

गॅलरीबाग: दिवा अगदी समोरच आहे. काळी कचऱ्याची पिशवी चालेल?

मातीकाम: प्लास्टिक नको. आत वाफ धरते, पानांवर बुरशी येते, शिवाय उबेने कळी यायला उशीर होतो. जाड काळं कापड दुहेरी करून चार काठ्यांवर टाका, पानांना टेकू देऊ नका. खाली फट ठेवायचीच तर दिव्याच्या उलट बाजूला. रात्री पाणी घालायला कापड उचलू नका. लाल बल्ब चालतो असं कोणी सांगेल, पण कळी रोखण्यात लाल उजेडच सगळ्यात पुढे. कुंडी उचलण्यासारखी असेल तर सरळ अंधाऱ्या खोलीत न्या, पण सकाळी परत उन्हात.

कुंडीवाला: 19:19:19 बंद करा, नत्राने नुसता पाला वाढतोय. कळ्या दिसल्या की 0:52:34 (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं खत), लिटरला 2 ग्रॅम, 10 दिवसांनी एकदा. शेंडे आता अजिबात खुडू नका, कळी तिथेच धरते. फूल मोठं हवं असेल तर प्रत्येक फांदीवरची मधली कळी ठेवून बाजूच्या वाटाण्याएवढ्या होताच काढा. बटण (लहान फुलांची) शेवंती असेल तर राहू द्या.

मातीकाम: कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) आहे का बघत राहा. दिसला की लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल, थोडा द्रव साबण. झाकायच्या तासभर आधी फवारून पानं सुकू द्या.