वय सांगायला अख्खं आधार कशाला?

बर्डीकर: परवा नागपुरात बर्डीवर समोसे घेतले. पुडी सोडली तर कोण्यातरी बाईच्या आधारची झेरॉक्स! फोटो, पत्ता, जन्मतारीख, अन् पत्त्यावर तेलाचा डाग. बरेचदा विचारणाऱ्याला हवं असतं एवढंच, की माणूस १८ च्या वरचा आहे का. ऑनलाइन तर हे आजही जमू शकतं. आधारच्या क्यूआरमध्ये यूआयडीएआयची, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेची, डिजिटल सही असते. झिरो-नॉलेज प्रूफ म्हणजे माहिती न दाखवता ती खरी आहे एवढंच पटवणारा पुरावा. त्यात गणित आपल्याच फोनवर होतं: सही खरी आहे, तारीख १८ वर्षांआधीची आहे. साइटला तारीख जातच नाही, 'हो' तेवढं कळतं. कल्पना १९८५ ची, गोल्डवासर, मिकाली अन् रॅकॉफ या संगणकशास्त्रज्ञांची. आपण अजून झेरॉक्सच काढून राहिलो.

एकजूनवाला: भाऊ, माझा जन्म दिवाळीतला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली. वर्गातल्या अर्ध्या पोरांचा वाढदिवस तोच! तुमचं गणित १ जूनच सिद्ध करणार. अन् आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्येच म्हटलंय.

बर्डीकर: झेरॉक्सवरही १ जूनच आहे ना बाप्पा. निदान समोसा तरी नाही गुंडाळणार कोणी त्यात.

धरमपेठची आई: माझा पोरगा तेरा वर्षांचा. बाबांच्या फोनचा पॅटर्न त्याला पाठ. पुरावा बाबांचा, गेम पोराचा. मग?

कोडवाला: बरोबर आहे ताई. पुरावा कार्डाबद्दल बोलतो, फोन कोणाच्या हातात आहे ते नाही सांगत. त्यासाठी दर वेळी फोननंच चेहरा किंवा बोट तपासायला हवं. माझा आक्षेप मात्र वेगळा आहे. ऑनलाइन आधार मागितलं की ते सांभाळायची जबाबदारी येते, असं लोकांची माहिती जपण्याचा २०२३ चा डेटा कायदा म्हणतो. 'हो' फुकटात मिळायला लागलं की तर्री-पोह्याची रेसिपी दाखवायलाही वय विचारतील. मग राज्य विचारतील, मग उत्पन्न. असे बरेच 'हो' एकत्र केले की माणूस सापडू शकतो.

बर्डीकर: हे पटलं. काय विचारायचं याला कायद्यानं चाप हवाच. तोवर काय, झेरॉक्सच?

एकजूनवाला: मी तर झेरॉक्सवर आडवी रेघ मारतो, कशासाठी दिली ते तारखेसकट लिहितो.

बर्डीकर: त्या बाईनंही लिहिलं होतं. 'फक्त रूमसाठी'.