परवाना घ्यायचा की द्यायचा?

एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा तयार कोड, लिहिली आहे. लोक तारखा नाना तऱ्हांनी लिहितात, त्या ओळखून एका साच्यात आणण्याचं काम ती करते. ओपन सोर्स करायची, म्हणजे तिचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वापरता येईल असा द्यायचा, म्हणून मराठीत माहिती लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. 'या लायब्ररीसाठी एमआयटी परवाना घेतला आहे' असं लिहिलं (एमआयटी हा फारशा अटी न घालणारा तयार परवाना), पण वाचताना काहीतरी खटकतंय. 'अनुज्ञप्ती' हा शासकीय शब्द माहीत आहे, पण तो दाताखाली खड्यासारखा येतो. लायसन्सला काय म्हणावं? आणि ओपन सोर्सला मुक्त म्हणू, मोफत की खुलं? जाता जाता, एमआयटी ही निवड बरोबर आहे का तेही सांगा.

प्रतिसाद १

'परवाना' ठीक आहे. खटकतंय ते 'घेतला'. परवाना घ्यायची आपल्याला सवय आहे: गाडीचा, बंदुकीचा, दुकानाचा. अर्ज करा, शुल्क भरा, शिक्का मिळवा. इथे मात्र खिडकीच्या आतल्या खुर्चीत तुम्हीच बसला आहात. कोड लिहिला की त्याचे हक्क कुठेही नोंदणी न करता तुमचे होतात. त्यातले काही तुम्ही अनोळखी माणसाला, त्याने मागायच्या आधीच, लेखी देऊन टाकता. म्हणून 'एमआयटी परवान्याखाली दिली आहे' असं लिहा. फारसीत परवाना म्हणजे लेखी हुकूम, म्हणजे मुळात देणाऱ्याच्याच बाजूचा शब्द.

हा नुसता व्याकरणाचा कीस नाही. 'जीपीएल घेतला तर माझाच कोड मला विकता येईल का?' हा प्रश्न मी कितीदा ऐकला असेल! (जीपीएल म्हणजे कोड बदलून पुढे दिला तर तोही त्याच अटींवर द्यायला लावणारा परवाना.) तो या क्रियापदातूनच जन्मतो. अटी असतात त्या घेणाऱ्यावर. मालक तोच कोड दुसऱ्या कोणाला वेगळ्या अटींवर, पैसे घेऊनही देऊ शकतो. मात्र इतरांनी पाठवलेल्या सुधारणा घेतल्या की तेवढ्या भागाचे मालक ते. मग सगळ्याचा परवाना बदलायचा तर त्यांचीही संमती हवी. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा जीपीएलच्या २ऱ्या आवृत्तीवरच थांबला आहे. तो सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स यांना ३री पसंत नव्हती हे खरं, पण पसंत असती तरी हजारो जणांची संमती कोण गोळा करणार होतं?

प्रतिसाद २

मग सरळ 'परवानगी' का नको? सोपा शब्द आहे.

प्रतिसाद १

परवानगी तोंडी असते, एकाला असते आणि सकाळी दिलेली संध्याकाळी काढून घेता येते. इथे कागद आहे. कोणती आवृत्ती कोणत्या अटींवर दिली ते त्यात लिहिलेलं आहे आणि ते सगळ्यांना सारखंच लागू आहे. परवानाच बरा.

प्रतिसाद ३

'मोफत' आधी काढून टाका. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन १९८५ मध्ये एमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमच्या टेप १५० डॉलरला एक अशा विकत होते, आणि ते सॉफ्टवेअर त्यांच्या अर्थाने पूर्ण मुक्त होतं. इंग्रजीत दोन्हींना 'फ्री' हा एकच शब्द, म्हणून तिथे घोळ झाला. तो टाळायलाच क्रिस्टीन पीटरसन यांनी १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हे नाव सुचवलं. मराठीत मुक्त वेगळं आणि मोफत वेगळं. नसलेला घोळ आपण हौसेने का आयात करावा?

'खुलं'बद्दल मात्र माझी तक्रार आहे. खुलं म्हणजे दिसणारं की वापरता येणारं? मी स्वतःपुरते दोन शब्द वेगळे ठेवले आहेत: उघडा कोड आणि मोकळा कोड. कोणीतरी कोड सर्वांना दिसेल असा ठेवला, पण सोबत परवान्याची फाईलच नाही, तर तो उघडा आहे, मोकळा नाही. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरून कपाट उचलायची मुभा मिळत नाही. परवाना लिहिलाच नाही तर 'सर्व हक्क राखीव' हेच गृहीत धरलं जातं. कोड ठेवणाऱ्याच्या मनात तसं नसतं, पण वाचणाऱ्याला मन कुठे दिसतं?

हल्लीच्या काही कंपन्यांचे परवानेही याच जातीचे. कोड वाचा, बदला, पण आमच्या धंद्याला स्पर्धा होईल असा वापरू नका. हा उघडा कोड झाला. ओपन सोर्सच्या व्याख्येत १० निकष आहेत. त्यातला ६वा सांगतो की कोणत्या कामासाठी वापरायचं यावर बंदी घालता येणार नाही. 'व्यापारासाठी नको' असं एक वाक्य घातलंत तरी तुम्ही त्या व्याख्येबाहेर.

प्रतिसाद ४

उघडा आणि मोकळा, आवडलं. आता 'कॉपीलेफ्ट'ला, म्हणजे जीपीएलसारख्या परवान्यांच्या त्या अटीला, काय म्हणायचं? मी एकदा 'जशास तसे परवाना' असं लिहिलं होतं: जसं मिळालं तसंच पुढे द्या. वाचणाऱ्यांना वाटलं कोणीतरी सूड उगवतंय.

प्रतिसाद ३

हाहा! 'साखळी परवाना' करून पाहिलं आहे. अट हातोहात पुढे जाते हे त्यात येतं, पण साखळी म्हटलं की बेडी आठवते. विरोधकांना तेच हवं असतं, ते तर त्याला रोगासारखा पसरणारा म्हणतात. मूळ नाव ही 'कॉपीराइट'वरची कोटी आहे, आणि कोटीचं भाषांतर म्हणजे विनोद समजावून सांगणं. कॉपीलेफ्ट तसंच राहू द्या. एमआयटी, बीएसडी, अपाची या दुसऱ्या कुळाला मात्र 'मुभा देणारे परवाने' हे छान बसतं. मुभा म्हणजे हे कर असा आग्रह नाही, केलंस तर हरकत नाही.

धागाकर्ता

तर 'एमआयटी परवान्याखाली दिली आहे' असंच लिहितो. एक सांगायचं राहिलं. महिन्यांची नावं ओळखणारी एक फाईल मी दुसऱ्या प्रकल्पातून जशीच्या तशी उचलली आहे. तिच्या डोक्यावर जीपीएल असं लिहिलंय. चालेल ना?

प्रतिसाद १

हे आधी सांगायचं होतंत! त्या फाईलपुरते तुम्ही खिडकीच्या बाहेर रांगेत आहात. ती दुसऱ्याने दिली आहे, त्याच्या अटींवर. ती आत ठेवून अख्खी लायब्ररी नुसत्या एमआयटीखाली देता येणार नाही, कारण जे तुमचं नाही त्यावरची अट तुम्ही सैल करू शकत नाही. तेव्हा एक तर सगळी लायब्ररी जीपीएलखाली द्या, नाही तर त्या लेखकाला विचारा. खरं सांगू का, महिन्यांची नावं आहेत ती. जुनी फाईल बाजूला ठेवा आणि तेवढा भाग स्वतः नव्याने लिहा.

ती ठेवणार असाल तर डोक्यावरची ओळ पुन्हा वाचा. 'फक्त २री आवृत्ती' आहे की '२री किंवा नंतरची'? या दोन-तीन शब्दांवर बरंच अडतं. अपाची २.० खालचा कोड जीपीएलच्या ३ऱ्या आवृत्तीसोबत नांदतो, २रीसोबत नाही.

प्रतिसाद ५

अपाचीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, त्यात पेटंटबद्दल स्पष्ट कलम आहे. कोड देणारा त्यावरच्या आपल्या पेटंटचा वापरही देतो, आणि त्या कोडवरून पेटंटचा दावा लावणाऱ्याचा तो हक्क जातो. एमआयटीत पेटंट हा शब्दच नाही. तारखांच्या लायब्ररीला ते लागेलसं वाटत नाही. एमआयटी पुरे. फक्त हमी नसल्याचा परिच्छेद लांब वाटला म्हणून कापू नका, तो तुमच्यासाठीच आहे.

धागाकर्ता

फाईल काढली, काल रात्री नव्याने लिहिली. जुनीपेक्षा आखूड झाली. आता वाक्य असं: 'ही लायब्ररी मुक्त स्त्रोत असून एमआयटी परवान्याखाली दिली आहे.'

प्रतिसाद ३

परवाना बरोबर. 'स्रोत' लिहा. 'स्रु' म्हणजे वाहणे, त्यावरून आलेला शब्द आहे, त्यात 'स' आणि 'र'च्या मध्ये त कुठून आला?