गच्चीतला गुलाब आत्ता छाटू का?

कोथरूडची गच्ची: बारा इंची कुंड्यांत चार गुलाब आहेत. पावसाळ्यात काळे ठिपके पडून पानं गळाली, नुसत्या काड्या उरल्यात. सासूबाई म्हणतात दसरा झाला, आता छाट. पण ऊन बघून हात धजत नाही.

सहकारनगर: सासूबाईंचं ऐका. पुण्यात पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या मध्यावर छाटणी, हीच वेळ. वाळक्या आणि काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारीक फांद्या बुडापासून काढा, बाकीच्या निम्म्यावर आणा. बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा, म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो ती जागा, शोधा; गळलेल्या पानाच्या खुणेवर लालसर टिंब दिसतं, तोच. त्याच्या पाव इंच वर तिरका काप द्या. गाभा हिरवट-पांढरा दिसायला हवा. तपकिरी दिसला तर आणखी खाली कापा, इथे माया नको. मर, म्हणजे फांदी टोकाकडून वाळत जाण्याचा रोग, तिथूनच खाली उतरते. कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. गळलेली पानं कुंडीत अजिबात ठेवू नका, ठिपक्यांची बुरशी त्यांतच टिकते. साधारण दीड महिन्यात फुलं येतील.

कोथरूडची गच्ची: कलमाच्या सांध्याखालून एक जोमदार फांदी आलीय, तीही निम्मी ठेवू?

सहकारनगर: नको नको! ती खुंटाची, म्हणजे ज्या रानटी गुलाबावर कलम बांधलंय त्याची. माती बाजूला सारा आणि फुटलीय तिथूनच ओढून काढा, नाहीतर तीच सगळं खाऊन टाकेल.

औंध: कोंब दिसले की शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. थंडीत कोवळ्या पानांवर भुरी (पांढऱ्या पिठासारखी बुरशी) येते, लक्ष ठेवा. एप्रिल-मेमध्ये मात्र कात्री लावू नका. पालापाचोळ्याचं आच्छादन आणि सकाळी मुळाशी पाणी.